उन्हाळा बाकी होता

विनू,

गेल्या आठवड्यात अबू नासिरचा फोन आला. आधी त्यानं रेवाच्या परीक्षेची चौकशी केली, मग नाशिकला आईंची, मग माझी.  महत्त्वाचं बोलायचं असलं की त्याचंही तुझ्यासारखंच, आधी इकडचं तिकडचं. शेवटी म्हणाला, "सिस्टर, वो बॉक्स. विनायक का बॉक्स. मेरा मेहमान आता है. फायर करने का, ओके?"

मी म्हटलं, "पूछ के बताती हूँ."

फोन ठेवला आणि तुझ्या खोलीच्या दारापर्यंत गेले. विचारायलाच चालले होते. पलंग त्याआधीच हॉस्पिटलवाले परत घेऊन गेलेत, त्याच्या चाकांच्या खुणा तेवढ्या फरशीवर आहेत. तिथे उभी राहिले आणि मला कळेना की आता कुणाला विचारायचं. तुझं ते काडतूस कसं भरायचं हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक तू. दुसरी मी, आणि माझे फक्त हात होते. डोकं तुझं होतं.

भेटायला येणारी माणसं विचारतात, विनायकराव नेमके कशात होते? मी सांगते, टूलरूममध्ये. ती मान डोलावतात. मग एखादा म्हणतो, अरेरे, वर्ल्ड कप बघायचा राहिला त्यांचा.  तुला फुटबॉलमधला ऑफसाइडही कळायचा नाही.

नाशिकला अंबडच्या कारखान्यात डाय, साचे बनवायचास आणि रविवारी रायफल क्लबात पोटावर पडून कागदाला भोकं पाडायचास. इथे दोह्यात इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये आलास तेव्हा ते सगळं संपलं असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगते, बरं वाटलं होतं. बंदूक मला कधी आवडली नाही. पण वर्कशॉपचा मालक अबू नासिर निघाला. शहानियाच्या पलीकडे त्याची स्वतःची, परवान्याची गोळीबाराची रेंज. तिथल्या एका रायफलीचा बोल्ट, मागची ती सरकती कडी, तू दुरुस्त करून दिलास आणि त्याला कळलं की ह्या माणसाला आतलं कळतं. त्यानं वर्कशॉपमागच्या एका खोलीत तुला काडतुसं भरायला प्रेस, तराजू, काटे सगळं मांडून दिलं. अमेरिकेतून मागवलेलं सामान हमद पोर्टवर अडकून पडायचं आणि तू घरी येऊन लहान मुलासारखा रुसायचास.

आईनं फोनवर विचारलं होतं, जावईबापू सध्या काय करतात गं? मी म्हटलं, दारू मोजतात. आई म्हणाली, "अगं बाई, तिकडे चालते?" तू जेवता जेवता एवढा हसलास की ठसका लागला. तेव्हा ठसक्याची भीती वाटत नसे.

मला तू ते समजावलंस तेही जेवतानाच. दुकानात मिळणाऱ्या काडतुसाचं पुस्तक असतं, म्हणालास. अमुक इतकी दारू घाला, ह्याच्या पुढे जाऊ नका. आमच्या काडतुसाचं पुस्तक नाही, कारण ते कुणी बनवलेलंच नाही. दुसऱ्या मोठ्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची आणि तिची मान आवळून बारीक करायची. मागे पोटात दारू भरपूर, पुढे गोळी इवलीशी. ती अशी सुटते की लांबवरसुद्धा जवळजवळ सरळ जाते. इंग्रजीत अशा काडतुसाला वाइल्डकॅट म्हणतात, रानमांजर. अबू नासिरनं त्याचं नाव ठेवलं शाहीन, बहिरी ससाणा. तू मात्र ते नाव घ्यायचा नाहीस. "आधी जन्मू तर दे. बारसं मग."

"पण पुस्तक नाही तर तुला कळतं कसं किती घालायची?"

"विचारायचं."

"कुणाला?"

"पुंगळीला. कमीपासून सुरुवात करायची, चिमूट चिमूट वाढवायची, आणि दर वेळी उडालेली पुंगळी हातात घेऊन बघायची. मागची टोपी चपटी झाली का, कडेला चकाकी आली का, बोल्ट उचलायला जड लागला का. ती सांगते. माणसासारखी एकदम नाही बोंबलत. आधी कुरकुरते."

मी म्हटलं होतं, मग माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकतोस. हेही हसण्यावारी गेलं.

तुझा हात पहिल्यांदा कधी चुकला, हे आपण दोघांनी किती वेळा आठवायचा प्रयत्न केला. तू म्हणायचास चटणीची वाटी, मी म्हणायचे त्याच्या आधी शर्टाचं बटण. अल मन्सूराच्या आपल्या बिल्डिंगखालच्या हॉटेलात इडली खात होतो आणि चटणीची वाटी तुझ्या हातातून निसटली. तू म्हणालास, एसीनं बोटं बधिर झाली. मी वाटी उचलली आणि दुसरी मागवली. मग एक दिवस कामावरून आलास, बूटही न काढता खुर्चीवर बसलास आणि म्हणालास, "शुभे, आज प्रायमर चिमटीत येईना." प्रायमर म्हणजे पुंगळीच्या मागची ती टोपी, डाळीच्या दाण्याएवढी. तू दोन बोटं एकमेकांना लावून मला दाखवत होतास. लागत होती, पण त्यांच्यात जोर नव्हता.

मग तपासण्या. सुया टोचून, विजेचे झटके देऊन, पाठीतून पाणी काढून. शेवटी त्या मल्याळी डॉक्टरीणबाईंनी आपल्याला बसवलं आणि नाव सांगितलं. मोटर न्यूरॉन. हात, मग पाय, मग गिळणं, मग बोलणं, मग श्वास. डोकं शेवटपर्यंत साफ राहील, असं त्या म्हणाल्या, जणू काही तेवढी एक चांगली बातमी आहे. तू विचारलंस, "औषध?" त्यांनी एका गोळीचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, थोडं सावकाश होईल. तू मान हलवलीस. बाहेर आल्यावर म्हणालास, "हिला विचारायला हवं होतं, कुठलं सावकाश होईल?"

त्या संध्याकाळपासून आपलं भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. मी म्हणायचे, नाशिकला जाऊ. तिथे भाऊजी आहेत, आई आहेत, हाक मारली तर चार माणसं धावतील. तू म्हणायचास, इथे हॉस्पिटल चांगलं आहे, रेवाची बारावी इथे आहे.

"रेवाची बारावी हे कारण नाहीये, विनू."

"नाहीये."

"मग?"

"नाशिकला जाऊन काय करू? पलंगावर पडून भाऊच्या सुनेला हाका मारू? इथे निदान सकाळी कुठेतरी जायचं असतं. हे एवढं संपू दे."

"हे म्हणजे काय? एका श्रीमंत माणसाच्या खेळातलं काडतूस!"

तू माझ्याकडे बघितलंस. रागावलास असं वाटलं, पण रागावला नव्हतास. "त्याचा खेळ आहे," म्हणालास, "माझा नाही."

मी तेव्हा गप्प बसले, पटलं म्हणून नव्हे, रेवा आली म्हणून. ती दाराशी उभी राहून म्हणाली, "आर यू गाइज फायटिंग अगेन?" आणि तू म्हणालास, "नाही गं, आई मला नाशिकचं तिकीट देतेय." ते भांडण मग स्वयंपाकघरात झालं, गाडीत झालं, तुला आंघोळ घालताना झालं. तुझं बोलणं अस्पष्ट झाल्यावरही तू त्या एका विषयावर स्पष्ट बोलायचास. शेवटी मी तुला नाशिकला नेलंच. विमानाच्या पोटातून, पेटीतून नेलं. गोदावरीवर भाऊजींनी सगळं केलं. ह्यात मी जिंकले म्हणायचं का रे?

त्या दिवसांत सगळं दोहा खणलेलं होतं. आज मोकळा असलेला रस्ता उद्या बंद, परवा डायव्हर्शन. वर्ल्ड कपच्या आत सगळं व्हायला हवं म्हणून. एकदा तुझी अपॉइंटमेंट होती आणि खाली आलो तर आपल्या बिल्डिंगचं दार आणि गाडी ह्यांच्या मधे चर खणलेला. तू व्हीलचेअरमध्ये, मी मागे, पलीकडे गाडी. मी त्या चराकडे बघत नुसती उभी राहिले.  तेवढ्यात पिवळी जाकिटं घातलेले चौघे आले. आपसात नेपाळीत काहीतरी बोलले आणि तुला खुर्चीसकट उचललं. पलीकडे ठेवलं. त्यातल्या एकानं तुझा पाय पाय ठेवायच्या पट्टीवरून घसरला होता तो उचलून नीट ठेवला, लहान बाळाचा ठेवावा तसा. तू त्याला "शुक्रान" म्हणालास. तो म्हणाला, "धन्यवाद, दाइ." दाइ म्हणजे दादा. आणि ते परत खणायला गेले. संध्याकाळी परतलो तेव्हा त्यांची पाळी संपली होती. चर मात्र तसाच होता.

मला लोडिंगच्या खोलीत नेलंस तो दिवस तुला आठवतोय ना? म्हणजे, आठवत असेल का? तुझ्या मनगटानं प्रेसचा दांडा ओढवेना तेव्हाची गोष्ट. तू अबू नासिरला म्हणालास, "माय वाइफ विल डू." मला न विचारता. परवानगीची भानगड त्यानं कशी मिटवली ती त्यालाच ठाऊक. मी तुझ्यावर चिडले. मी म्हटलं, मला बंदुकीचा तिटकारा आहे हे तुला माहीत आहे.

"बंदूक कुठे आहे इथे?" तू म्हणालास. "तराजू आहे. तू लॅबमध्ये होतीस. लोकांचं रक्त मोजायचीस. तुझा हात स्थिर आहे, शुभे. माझा होता तसा."

मी बसले. तुझी खुर्ची माझ्या डाव्या हाताला. तू सांगायचास, मी करायचे. पुंगळी आतून पुसायची, मान डायमध्ये आवळायची, प्रायमर बसवायचा, दारू तराजूवर घ्यायची, दाणा दाणा बघून ओतायची, वर गोळी बसवायची. ही शेवटची पायरी मला जमायची नाही. मी दांडा झटक्यात खाली आणायचे आणि तू डोळे मिटायचास.

"हळू. दांडा ओढू नकोस, हाताला कळू दे. मान गोळीला धरते तेव्हा हाताला कळतं."

"मला नाही कळत."

"कळेल. भाकरी थापतेस तेव्हा कुठे बघतेस?"

"मी पोळ्या करते, विनू. भाकरी तुझी आई करते."

तू हसलास, आणि हसताना लाळ आली. मी ती पुसली आणि परत दांडा धरला. आणि पुढच्याच गोळीला मला कळलं. किंचित अडलं आणि मग लोण्यात गेल्यासारखं गेलं. मी तुझ्याकडे वळले तर तुला आधीच कळलं होतं. माझ्या खांद्यावरून कळलं म्हणालास.

आपलं लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण दिवसभर एका खोलीत, एका कामावर, असे आपण कधी बसलो नव्हतो. तू वर्कशॉपमध्ये, मी घरात. त्या खोलीत आपण सगळं बोललो. तुझ्या वडिलांबद्दल बोललो, जे तू कधी बोलायचा नाहीस. रेवाच्या आधीच्या बाळाबद्दल बोललो. मधेच म्हणायचास, "थांब, दारू मोजताना बोलायचं नाही," आणि मी मोजून होईपर्यंत दोघं गप्प. मग तिथूनच पुढे. मी तुझ्या रानमांजराला शिव्या घालायचे, पण ती खोली त्यानंच दिली. हे मी तुला म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर तुला नाशिकला न जायचं आणखी एक कारण मिळालं असतं.

दारूवर उन्हाचा काय परिणाम होतो हे तू मला तिथेच सांगितलंस. मे महिन्यात गाडी उन्हात लावून आलो होतो आणि स्टिअरिंगला हात लावून मी ओरडले होते. तू म्हणालास, आता विचार कर, काडतुसांचा डबा ह्या गाडीत राहिला तर. तीच पुंगळी, तीच दारू, तितकीच. पण तापलेली दारू जास्त जोरात पेटते. थंडीत गुणी वाटणारं काडतूस उन्हाळ्यात दुसरंच कुणीतरी असतं. "म्हणून थंडीत पास झालं तरी खरं नाही. उन्हाळा बघितल्याशिवाय मी कुणाच्या गालाशी ती रायफल लागू देणार नाही."

पण हिवाळ्यातली ती सकाळ. तोवर तुझं बोलणं जवळजवळ गेलं होतं, मला आणि रेवालाच समजायचं. रेंजवर गार वारा होता, तुला मी शालीत गुंडाळलं होतं. अबू नासिर टेबलाशी बसला आणि मी भरलेली काडतुसं त्यानं एकामागून एक झाडली. रेंजवरचा सुदानी माणूस, उस्मान, गाडी घेऊन लांबवर लावलेला कागद काढून आणायला गेला. तो परतला तेव्हा लांबूनच कागद हवेत हलवत होता. सगळ्या गोळ्या एका भोकात म्हणावं अशा. दिरहमच्या नाण्याखाली सगळं झाकलं जाईल एवढ्यात. वेग मोजायचं यंत्रही तू मागितलेला आकडा दाखवत होतं. अबू नासिरनं तुझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. "शाहीन!" तो ओरडला.

तू हसायला लागलास. आणि थांबेनास. तो आजाराचा भाग आहे, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हसू आलं की थांबत नाही, रडू आलं की थांबत नाही. पण अबू नासिरला माहीत नव्हतं, तोही हसत राहिला, उस्मान हसत राहिला. मग तुझं हसू रडण्यात गेलं, मला ते कुठे वळलं ते दिसलं, आणि ते दोघं अजून हसतच होते. मी तुझं डोकं पोटाशी धरलं. तू आनंदानं रडत होतास की दुःखानं की फक्त नसा बिघडल्या होत्या, हे तुलाही सांगता आलं नसतं. शांत झाल्यावर तू दोन शब्द बोललास. मी अबू नासिरला हिंदीत सांगितले. "वो बोलता है, गरमी बाकी है."

"इन्शाल्ला," अबू नासिर म्हणाला. "गरमी आएगा."

उन्हाळा येईपर्यंत तू राहशील, असं त्या सकाळी मला खरंच वाटलं होतं.

डब्याची गोष्ट त्यानंतरची. तोवर शब्द पूर्ण गेले होते. पापणी एकदा मिटली म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. जेवण पोटातल्या नळीतून. अबू नासिर आपल्या हॉलमध्ये सोफ्याच्या कडेला बसला आणि म्हणाला, मे महिन्यात माझे पाहुणे येणार, वर्ल्ड कपच्या कामासाठी येणारे मोठे लोक, त्यांना शाहीन दाखवायचंय. सिस्टरनं एक बॉक्स भरून ठेवावा. ओके, विनायक?

तू पापणी मिटलीस. एकदा.

मी भरली ती काडतुसं. हिवाळ्यात जी जमली होती तशीच, तू शिकवलंस तशी, दारू मोजताना न बोलता. बोलायला कुणी नव्हतंच. तू घरी होतास आणि नर्स तुझ्याजवळ. पण तू हो म्हणालास ते कशाला? भरायला, की झाडायला? तेव्हा मी विचारलं नाही, कारण प्रश्न पडलाच नाही. उन्हाळा लांब होता आणि तू होतास. मग तुझ्या छातीत कफ झाला.

तर हा तो डबा. गेल्या आठवड्यात मी रेंजवर गेले. उस्मान न्यायला आला होता. रस्ते आता सगळे झालेत, विनू, कुठे चर नाही, शहानियापर्यंत गाडी पाण्यासारखी जाते. अबू नासिर सावलीत उभा होता. मी त्याला सांगितलं, हा डबा पाहुण्यांना द्यायचा नाही.

"विनायक ओके बोला था. तुम था, मैं था."

"भरने को बोला था."

"सिस्टर," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मेरा रायफल है, मेरा राउंड है. विनायक मेरा भाई था. उसका काम मैं दिखाना चाहता हूँ."

त्याचं चुकत नव्हतं. सगळं त्याचंच होतं. माझा व्हिसा तुझ्या नावावर, रेवाची परीक्षा झाली की आम्हाला निघायचंय. मी कोण त्याला अडवणारी? उन्हाळ्यात किती दारू चालेल ते मी सांगू शकत नव्हते, दाबाचा आकडा सांगू शकत नव्हते. तू असतास तर एका वाक्यात सांगितलं असतंस. मी एवढंच म्हणाले, "एक राउंड. आदमी के बिना."

त्यानं डबा उचलून माझ्या हातात दिला. मग उस्मानला म्हणाला, "यल्ला," चल.

मी डबा वाळूवर उघड्या उन्हात ठेवला, पाहुण्यांच्या गाडीत राहील तसा. तो तापेपर्यंत आम्ही सावलीत पाणी पीत बसलो. मग उस्माननं रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांमध्ये पट्ट्यानं आवळली. काडतूस त्यानं रुमालात धरून आत घातलं, इतकं तापलं होतं. चापाला लांब दोरी बांधली आणि आम्ही तिघं काँक्रीटच्या भिंतीमागे गेलो. अबू नासिरनं स्वतः दोरी ओढली.

आवाज वेगळा होता. तू असतास तर त्या आवाजावरच उठून गेला असतास. हिवाळ्यात तो फटका असायचा, हा कडक होता, दात आपटल्यासारखा. आम्ही बाहेर आलो. रायफल शाबूत होती. पण बोल्ट उघडेना. उस्माननं जोर लावला, मग लाकडी हातोडा आणून ठोकला, तेव्हा उचलला गेला. पुंगळी बाहेर पडली ती मी उचलली, पदराच्या टोकात धरून. मागे टोपी नव्हतीच. नुसतं भोक, आणि भोकाभोवती काळं. कडेला चकाकणारा ओरखडा. बोल्टच्या तोंडावर काजळी बसलेली. तिथे कुणाचा तरी गाल असता, विनू. डोळा असता.

अबू नासिर वाळूवरच बसला. पांढऱ्या कपड्यांनिशी. पुंगळी माझ्याकडून घेऊन त्यानं उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "अल्ला यरहमा." देव त्याच्यावर दया करो. मग डबा माझ्यापुढे सरकवला. "खलास. शाहीन खलास. तुम तोड दो, सिस्टर."

मी वर्कशॉपमागच्या आपल्या खोलीत बसून सगळी काडतुसं सोडवली. गोळी उपसायची, दारू बशीत ओतायची, प्रायमर काढायचा. जे तुझ्यासोबत केलं ते सगळं उलट. तू असतास तर चिमूटभर कमी करून पुन्हा सुरू केलं असतंस, कमीपासून. मला ती चिमूट माहीत नाही. किती कमी, हे विचारायला पुन्हा एक हिवाळा आणि एक उन्हाळा लागला असता आणि तू लागला असतास. डाव्या हाताला खुर्ची नव्हती. एकदा मी बोलता बोलता थांबले, मोजायचं होतं म्हणून, आणि मग लक्षात आलं की मोजायचंही नाही आणि बोलतही नव्हते.

निघताना अबू नासिरनं विचारलं, "उसने तुमको बोला था? गरमी का?"

मी हो म्हणाले.

ते खरं आहे की नाही हे मला माहीत नाही. हे मी रेवालाही सांगितलेलं नाही. तुला ताप चढायच्या आदल्या दुपारची गोष्ट. तू खिडकीकडे तोंड करून पडला होतास. तुला काहीतरी सांगायचं होतं, पापण्या सारख्या हलत होत्या. मी अक्षरांचा तक्ता घेऊन बसले. मी अक्षरं म्हणायची, तू थांबवायचं. अ-आ? इ-ई? उ-ऊ? तू पापणी मिटलीस. मग व्यंजनांच्या ओळी. क, च, ट, त. मिटलीस. त? थ? द? ध? न? मिटलीस. आणि मग तुझी ताकद संपली. मी विचारलं, "ऊन? डोळ्यांवर ऊन येतंय?" तू हो म्हणाला नाहीस, नाही म्हणाला नाहीस. माझ्याकडे बघत राहिलास. ऊन खरंच येत होतं, तुझ्या उशीपर्यंत आलं होतं. मी उठून पडदा ओढला. खोलीत अंधार झाला. दुसऱ्या दिवशी तू हॉस्पिटलात, नळ्यांमध्ये, आणि मग काही विचारायचं उरलं नाही.

तक्ता मीच लिहिला होता. कागद लहान, म्हणून उ आणि ऊ एकाच चौकटीत घातले. ऊन लिहायला दीर्घ लागतो, उन्हाळा लिहायला ऱ्हस्व. तू कुठल्यावर थांबलास?

रेंजवरून आल्यापासून मी स्वतःला सांगतेय की तू उन्हाळाच म्हणत होतास, डब्याबद्दल सांगत होतास. मग वाटतं, छे, ऊनच असेल. साध्या माणसासारखं तुझ्या डोळ्यांवर ऊन येत असेल आणि तू बायकोला सांगत असशील. काडतूस-बिडतूस काही नसेल तुझ्या मनात. तसं असेल तर मी पडदा ओढला ते बरोबर केलं. आणि काल कुकरची शिट्टी झाली तेव्हा तिसरंच सुचलं. ऊन ऊन वरणभात. नळी लागल्यापासून तू चव घेतली नव्हतीस. तो तर मला देताच आला नसता, तू अक्षरं पुरी केली असतीस तरी.

आज दुपारी तुझ्या खोलीत, फरशीवर बसले. तक्ता समोर ठेवला आणि पहिल्यापासून म्हटला. अ. आ. इ. ई. मग उ म्हटलं आणि थांबले. तुझ्या पापणीसाठी थांबायचे तशी. मग ऊ म्हटलं.